सौर पॅनल बसवण्याआधी वीजबिल वाचा: घरमालकांसाठी मार्गदर्शन

गच्चीवर सौर पॅनल बसवायचे ठरले की बहुतेक घरांत पहिल्यांदा गच्ची मोजली जाते, मग ओळखीतल्या कोणाला तरी दर विचारला जातो आणि गच्चीवर जेवढी मावतील तेवढी पॅनल बसवण्याचा विचार पक्का होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांनी एकाच महिन्यात, प्रतिकिलोवॅट एकाच किमतीला पॅनल बसवली, तरी एकाचा खर्च अडीच वर्षांत भरून निघतो आणि दुसऱ्याला पाच वर्षे लागतात, कारण ऊन दोघांना सारखे मिळत असले तरी विजेचा दर दोघांना सारखा लागत नाही. म्हणून हा लेख पॅनलपासून सुरू न होता वीजबिलापासून सुरू होतो. उदाहरणे महावितरणच्या घरगुती ग्राहकांची आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांची वीज घेणाऱ्यांचे दर वेगळे असले तरी हिशेबाची रीत हीच राहते.

पायरी पहिली: बारा महिन्यांची बिले समोर ठेवा

एका बिलावरून काहीच ठरवू नये. मे महिन्यातला वापर आणि डिसेंबरमधला वापर यांत अनेक घरांत दुपटीचा फरक असतो. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, आणि जुनी बिले ग्राहक क्रमांक टाकून संकेतस्थळावरही पाहता येतात. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरवून घ्या व त्यांची बेरीज करा. ही बेरीज पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

मग बिलातल्या रकमा वेगवेगळ्या करून पाहा. स्थिर आकार हा वापर असो वा नसो, दरमहा भरावाच लागतो. वीज आकार आणि वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, प्रत्येक युनिटमागे लागतात. इंधनाच्या खर्चानुसार ठरणारा इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो. या सगळ्यावर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क पडते. सौर पॅनल युनिटवर आधारलेल्या रकमा कमी करते, स्थिर आकाराला मात्र हात लावू शकत नाही. त्यामुळे ‘बिल शून्य होईल’ असे कोणी सांगितले, तर निदान स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क भरावे लागेल, हे मनात धरूनच पुढे ऐकावे.

पायरी दुसरी: आपले शेवटचे युनिट कितीला पडते ते काढा

घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. बोलताना आपण यालाच स्लॅब म्हणतो. महावितरणचे २०२४-२५ चे दर उदाहरणासाठी घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० युनिटांना १५ रुपये ७२ पैसे असा तो दर होता, आणि सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये होता. वीज नियामक आयोगाच्या प्रत्येक नव्या दर-आदेशाबरोबर हे आकडे बदलतात, त्यामुळे आपला हिशेब करताना आपल्या ताज्या बिलावरचे दर घ्यावेत. चढत्या टप्प्यांची रचना मात्र कायम आहे, आणि सगळी गोम तिच्यातच आहे.

दरमहा ३०० युनिट वापरणारे एक घर घेऊ. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, तर वरच्या दरांनी त्याचे बिल शुल्कासह सुमारे ३,४९० रुपये येते. एक किलोवॅट क्षमतेची यंत्रणा महाराष्ट्रात महिन्याला सरासरी १२० युनिट वीज देते. हे १२० युनिट बिलातून वजा होतात तेव्हा ते वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून वजा होतात. त्यामुळे पहिल्या किलोवॅटने बिल १,८९४ रुपयांवर येते, म्हणजे बचत सुमारे १,५९५ रुपयांची होते. दुसरा किलोवॅट बसवला तर निव्वळ वापर ६० युनिट उरतो आणि बिल सुमारे ५५८ रुपये होते, म्हणजे आणखी १,३३६ रुपये वाचतात. तिसरा किलोवॅट बसवला की निव्वळ वापर संपतो, बिल स्थिर आकार आणि शुल्क मिळून १४८ रुपयांवर टेकते, आणि त्या तिसऱ्या किलोवॅटने महिन्याला वाचवलेले असतात फक्त ४१० रुपये. पॅनल तेच, ऊन तेच, युनिटही तितकेच, तरी पहिल्या किलोवॅटची कमाई तिसऱ्याच्या जवळजवळ चौपट आहे.

आता दरमहा १०० युनिट वापरणारे घर पाहा. त्याचे बिल सुमारे ८३० रुपये येते. एक किलोवॅटने ते १४८ रुपयांवर आले, तरी महिन्याची बचत ६८३ रुपयांच्या आसपास थांबते. सत्तर हजारांच्या यंत्रणेवर केंद्र सरकारचे ३० हजारांचे अनुदान (त्याविषयी पाचव्या पायरीत) मिळाले असे धरले, तर उरलेले ४० हजार भरून निघायला जवळजवळ पाच वर्षे लागतात. याउलट ३०० युनिटांच्या घराने १ लाख ४० हजारांची दोन किलोवॅटची यंत्रणा ६० हजारांच्या अनुदानासह घेतली, तर त्याचे ८० हजार अडीच वर्षांच्या आतच वसूल होतात. ज्या घराला बचतीची गरज अधिक, त्याच घराला ती कमी मिळते, ही या दररचनेतली खरी अडचण आहे आणि धोरणकर्त्यांनी ती ओळखली, हे मला महत्त्वाचे वाटते. २०२५ मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील आणि दरमहा १०० युनिटांहून कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप सौर योजना आणली. तिला ‘स्मार्ट’ या नावानेही ओळखतात. तिच्यात केंद्राच्या अनुदानावर राज्याचे अनुदान मिळते आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॅटसाठी स्वतःचे २,५०० रुपयेच घालावे लागतात. आपला वापर या मर्यादेत बसत असेल, तर बाजारातला दर विचारण्याआधी महावितरणच्या कार्यालयात या योजनेची चौकशी करा.

गोव्यातल्या वाचकांनी इथे थोडे थांबावे. तिथले घरगुती वीजदर महाराष्ट्राच्या मानाने बरेच कमी आहेत आणि ते संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे पुण्यातल्या भावाचा खर्च जितक्या लवकर निघाला, तितक्या लवकर तो म्हापशात निघेल असे समजू नये.

पायरी तिसरी: नेट मीटरिंगचा नियम समजून घ्या

पॅनल दुपारी वीज बनवते, आणि बहुतेक घरांत खरा वापर संध्याकाळी होतो. दुपारची जादा वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि संध्याकाळी आपण जाळ्यातून वीज घेतो. नेट मीटर या दोन्हींची स्वतंत्र मोजणी करतो आणि महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटांतून दिलेले युनिट वजा होतात. दिलेल्या एका युनिटाची किंमत घेतलेल्या एका युनिटाइतकीच धरली जाते, हेच नेट मीटरिंगचे मर्म आहे. नेट बिलिंगमध्ये तसे होत नाही. तिथे दिलेल्या विजेला वेगळा आणि बराच कमी दर मिळतो, आणि घेतलेल्या विजेचे पैसे पूर्ण दराने भरावे लागतात.

हा फरक कागदावर लहान दिसला, तरी त्याने सारे गणित फिरते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १५ एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना नेट बिलिंग लागू केले आणि जाळ्यात दिलेल्या विजेचे मोल सरासरी तीन चतुर्थांशाने घटले. त्या तारखेआधी अर्जांची झुंबड उडाली आणि नंतर मागणी कोसळली. आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या मसुद्यातही नेट मीटरिंगवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव होता. त्यावर मोठ्या प्रमाणात हरकती आल्या आणि वर्षअखेरीस आलेल्या अंतिम नियमांत घरगुती ग्राहकांचे नेट मीटरिंग टिकले. हरकती नोंदवणाऱ्यांत सामान्य ग्राहकही होते. आज पॅनल बसवणाऱ्या प्रत्येक घराला त्यांचा फायदा मिळतो आहे, हे विसरता कामा नये.

वीज कंपन्या नेट मीटरिंगला नाखूश का असतात, हेही समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे बदल त्याच दिशेने येणार आहेत. शेतीपंप आणि अल्प वापराची घरे यांना स्वस्त वीज देण्यासाठी उद्योग, व्यापारी आणि वरच्या टप्प्यातली घरे यांच्याकडून जादा दर घेतला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. वरच्या टप्प्यातला ग्राहक सौर विजेकडे वळला की कंपनीचा नेमका जास्त पैसे देणारा ग्राहक कमी होतो, आणि खांब, तारा व रोहित्रे सांभाळण्याचा खर्च मात्र तसाच राहतो. त्यामुळे स्थिर आकार वाढवणे, दिवसाच्या वेळेनुसार दर लावणे, असे उपाय पुढे येतात. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारची वीज स्वस्त होणे म्हणजे पॅनलच्या दुपारच्या विजेचे मोल तेवढे कमी होणे, हे ओघाने आलेच.

म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या उपविभागीय कार्यालयात एक प्रश्न स्पष्टपणे विचारा: मी दुपारी दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटाशी एकास एक वजा होणार का? उत्तर ‘हो’ असेल, तर वरचा हिशेब तसाच लागू होतो. काहीही असले तरी कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, गीझर, इस्त्री ही कामे दुपारी उरकण्याची सवय लावावी. जी वीज जाळ्यात न जाता घरातच वापरली गेली, तिच्यावर नेट मीटरिंगच्या बदलत्या नियमाचा परिणाम होत नाही.

पायरी चौथी: क्षमता ठरवा, आणि ३१ मार्च लक्षात ठेवा

वर्षभराच्या युनिटांची बेरीज १,४४० ने भागा, कारण एक किलोवॅट वर्षाला साधारण तेवढी वीज देतो. येणारा आकडा ही आपली कमाल गरज आहे. वर्षाला ३,००० युनिट वापर असेल तर तो दोन किलोवॅटच्या थोडा वर येतो. तिथे दोन किलोवॅट पुरे आहेत, कारण वरचे उरलेले युनिट सगळ्यात स्वस्त टप्प्यातले असतात. घरात वातानुकूलन यंत्र, इंडक्शन शेगडी किंवा विजेवर चालणारी दुचाकी येत्या एक-दोन वर्षांत नक्की येणार असेल, तरच तीन किलोवॅटकडे जा. प्रत्येक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, शेजारची इमारत आणि नारळाचे झाड यांची सावली सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता स्वतः गच्चीवर जाऊन पाहा.

वार्षिक हिशेबाची एक बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत. जादा दिलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ती जमा आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब संपवला जातो आणि त्यांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या, आपल्या वापराच्या दरापेक्षा खूप कमी असलेल्या दराने मिळतात. आता आपल्याकडचे ऋतू पाहा. पावसाळ्यात उत्पादन घटते. दिवाळीनंतर आकाश निरभ्र असते, पंखे बंद असतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात युनिट साठत जातात. ते खर्ची पडायचे एप्रिल-मे महिन्यांत, तर त्याआधीच मार्चअखेरीस खाते कोरे होते. आमच्या घरी पहिल्या वर्षी असेच झाले. मार्चच्या बिलात शिल्लक म्हणून दिसणारे युनिट एप्रिलच्या बिलात नव्हते, आणि त्यांच्यापोटी मिळालेली रक्कम पाहून मी दोन दिवस हिशेब तपासत बसलो होतो. बिल बरोबर होते, क्षमताच गरजेपेक्षा मोठी घेतली होती. हे टाळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे वार्षिक वापरापेक्षा थोडी कमीच क्षमता घेणे.

पायरी पाचवी: अनुदानाची रक्कम नीट समजून घ्या

केंद्र सरकारच्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही क्षमता घेतली तरी एकूण अनुदान ७८,००० रुपयांवरच थांबते. म्हणजे सरकारनेही पहिल्या दोन किलोवॅटवर अधिक भर दिला आहे, आणि तो वरच्या टप्प्यांच्या गणिताशी जुळतो. हे अनुदान आधी मिळत नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर ते अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होते, तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सरकारी बँका यासाठी तारणाविना कर्ज देतात आणि तीन किलोवॅटपर्यंतच्या कर्जाचा व्याजदर इतर वैयक्तिक कर्जांपेक्षा बराच कमी असतो.

अनुदानासाठी पॅनल देशात बनलेले असावे लागते, आणि त्यातल्या सौरपेशीही देशातल्याच असाव्या लागतात. विक्रेते अशा पॅनलना ‘डीसीआर’ म्हणतात. ते बिगर-डीसीआर पॅनलपेक्षा महाग असते. कोणी फार स्वस्त दर दिला, तर पॅनल डीसीआर आहे का हे लेखी घ्या, नाहीतर स्वस्ताईत अनुदान हातचे जाईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुने दरपत्रक दाखवले जात असेल तर कर तपासून घ्यावा.

गृहनिर्माण संस्थांना जिना, लिफ्ट, पंप अशा सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. सदनिकेत राहणाऱ्यांनी आधी संस्थेच्या सभेत ठराव आणि गच्ची वापरण्याची लेखी परवानगी घ्यावी.

पायरी सहावी: अर्ज

सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर आपली वीज कंपनी निवडून ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांकाने नोंदणी होते. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, त्यामुळे हा टप्पा पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाला आहे. त्यानंतर नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी एक निवडायचा, त्याच्याशी करार करायचा, उभारणी झाली की नेट मीटर आणि तपासणी, आणि शेवटी बँक तपशील भरून अनुदानाची मागणी.

अर्ज अडतात ते बहुधा नावामुळे. वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर, आधार मुलाच्या नावावर आणि बँक खात्यात नावाचे स्पेलिंग तिसरेच, असे आपल्याकडे घरोघरी असते. आमचे बिल सासऱ्यांच्या नावावर होते आणि ते बदलण्यातच दीड महिना गेला. त्यामुळे पॅनलचा विचार मनात आला त्याच आठवड्यात बिलावरचे नाव बदलण्याचा अर्ज द्या. बाकीचे पुढे पाहता येते.

पायरी सातवी: विक्रेत्याशी करार करताना

किमान तीन दरपत्रके घ्या आणि त्यांत पॅनलचा वॅट व प्रकार, इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता व हमी, लोखंडी सांगाड्याचे गॅल्वनायझिंग, अर्थिंग, आकाशातल्या विजेपासून बचाव करणारा तडितरोधक आणि मीटरचा खर्च स्वतंत्रपणे लिहून मागा. ‘सगळे त्यात आले’ एवढ्यावर भागवू नका. योजनेखाली विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. त्यात वर्षातून किती भेटी, हेही करारात यायला हवे.

आणखी एक गोष्ट ग्रामीण भागातल्या वाचकांसाठी आग्रहाने सांगतो. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असले तरी. दुरुस्तीसाठी तारेवर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनलच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. भारनियमनावर उपाय म्हणून पॅनल घेत असाल, तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागेल. तिचा खर्च बराच वाढतो आणि वरची वसुलीची वर्षे तिला लागू होत नाहीत.

पायरी आठवी: पहिले बिल तपासा

नेट मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. आयात (जाळ्यातून घेतलेली वीज) आणि निर्यात (जाळ्यात दिलेली वीज) या दोन नोंदी कोणत्या, हे मीटर बसवणाऱ्याकडून समोर उभे राहून समजून घ्या आणि त्याच दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा. दर महिन्याला रीडिंगच्या दिवशीही फोटो घ्या. इन्व्हर्टरच्या अॅपवर दिसणारे उत्पादन आणि मीटरवरची निर्यात यांत फरक असणारच, कारण मधली वीज घरात वापरली गेलेली असते.

पहिल्या बिलात तीन आकडे पाहा: आयात युनिट, निर्यात युनिट आणि पुढे नेलेली शिल्लक. निर्यातीच्या जागी शून्य असेल, तर बहुधा नवा मीटर बिलिंग प्रणालीत नोंदलेला नसतो, आणि हे सुरुवातीच्या महिन्यांत होते. फोटो जोडून लेखी तक्रार द्या व पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. या अर्जाला वकील लागत नाही, फोटो आणि बिले क्रमाने लावलेली असली की पुरे. तक्रार मार्चअखेरीच्या आत निकाली निघेल असे पाहा, कारण त्यानंतर न नोंदलेले युनिट नव्या वर्षाच्या खात्यात आणण्यासाठी दुहेरी पत्रव्यवहार करावा लागतो.